खंदकातली लाल माती

त्या स्मारकावर येणारी माणसं तिला मावशी म्हणायची. मावशी म्हटलं की कुठलंही काम सांगता येतं, असा माणसांचा समज असतो. मावशी, संडास कुठे आहे? मावशी, आमचा एक फोटो काढता? मावशी, इथे एकूण किती मेले हो? तिन्ही प्रश्न एकाच सुरात, एकाच दमात. पहिल्याला ती हात दाखवायची, दुसऱ्यासाठी हात एप्रनला पुसून मोबाईल घ्यायची, आणि तिसऱ्याला म्हणायची, ते रेडिओला विचारा.

रेडिओ म्हणजे तिथला गाइड. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. एकदा लागला की थांबायचा नाही, आणि समोरच्याचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून पडलेलं नाव. त्यालाही ते ठाऊक होतं आणि त्यात त्याला बहुमानच वाटायचा.

मावशीचं काम खंदक सांभाळायचं. उंचवट्यावर दगडी खांब, खांबाशेजारी एक तोफ, आणि तोफेपासून खाली गेलेला साठ पावलांचा खंदक. खंदक कितीही मोठ्या तोंडाने म्हटलं तरी तो मातीतला चर, आणि चर कधी स्वस्थ बसत नाही. पाऊस झाला की कडा ढासळतात, ऊन पडलं की भेगा पडतात, आणि लोक आले की दोन्ही होतं. मावशी फळ्या ठोकायची, तळाचं पाणी बादलीने उपसायची, काठावरची वाळूची पोती कुजली की नवी भरून रचायची. पोती शिवायला माणूस घरातच होता. नवरा शिंपी. एके काळी लग्नाचे कोट शिवायचा, तयार कपड्यांच्या दुकानांनी त्याला पोत्यांवर आणून बसवलं. मशीनला जाड सुई लावून तो दर वर्षी दोनशे पोती शिवायचा, आणि नाकात तागाची तुसं गेली की शिंका देत म्हणायचा, "सैन्याचा शिंपी झालो गं मी. सैन्य तेवढं नाही."

आता हा खंदक काही लढाईतला नव्हे. मावशीला ते पक्कं ठाऊक, कारण तो तिच्या बापाने खणला होता, लढाई होऊन तीस वर्षं उलटल्यावर. त्या वेळी लोक यायचे, खांब बघायचे आणि पाच मिनिटांत कंटाळून निघायचे. म्हणून कचेरीने ठरवलं की लढाईत होता तसा एक खंदक इथे करून ठेवावा. सुरुवातीला तशी पाटीही होती, 'नमुना' म्हणून. ती वाऱ्याने पडली. नवी करताना रंगाऱ्याला जागा पुरेना, त्याने तेवढाच शब्द गाळला. तेव्हापासून खंदक खरा झाला.

खणताना बापाला मध्येच एक खडक लागला होता. तो काही केल्या फुटेना, म्हणून बापाने चराला वळण दिलं. रेडिओ त्या वळणापाशी माणसं थांबवायचा आणि शत्रूची गोळी सरळ आत शिरू नये म्हणून केलेली ही युक्ती असं समजावून सांगायचा. लोक वळणाचे फोटो काढायचे. बाप असता तर त्याची छाती केवढी फुगली असती, असं मावशीच्या मनात यायचं.

आणि मातीचं तर विचारायलाच नको. इथली चिमूटभर माती घरी न्यायची असं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण ती रीतच पडून गेली. कुणी रुमालात न्यायचं, कुणी गोळ्यांच्या डबीत, कुणी चॉकलेटच्या कागदात. चिमूट चिमूट करत वर्षाकाठी कित्येक हातगाड्या माती जायची. खळगे पडायचे, माणसं अडखळायची आणि बोलणी मावशीला बसायची. मग ती भर घालायची. तिच्या घरामागच्या अंगणात पूर्वी विटांची भट्टी होती, तिथली माती भाजून भाजून लाल झालेली. तिथेच तिचा भोपळ्याचा वेल. त्या वेलाखालची माती ती हातगाडीत भरून आणायची आणि खंदकात पसरायची. पहिल्या वर्षी रेडिओने ती पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागला की एवढी वर्षं लोटली, पण या मातीचा लाल रंग काही गेला नाही. मावशीने त्याला गाठून जाब विचारला. त्यावर तो म्हणाला की मी रक्त हा शब्द उच्चारला का? लाल आहे म्हटलं. लाल आहे की नाही?

या लोकांना इथे यायचं असतं तरी कशाला, हे तिला कधी उमगलं नाही. तिचा बाप तापाने कोपऱ्यातल्या खाटेवर गेला. ती खाट बघायला कधी बस भरून माणसं आली नाहीत. इथे मात्र माणसं आपलं बरं चाललेलं घर सोडून, पाच-पाच तास बसमध्ये अवघडून, कुणाचा तरी जीव गेला ती जागा बघायला येतात. कुणी खंदकात आडवं पडून मेल्याचा फोटो काढून घेतं, आणि डोळे उघडे आले म्हणून पुन्हा एकदा मरतं. कुणी रडता रडता मध्येच थांबून बस किती वाजता सुटते ते विचारतं. मावशीला राग यायचा, आणि राग आला की फळीवर हातोडा जरा जोरात बसायचा.

पण रागाचं खरं मूळ वेगळंच होतं. माणसं मेली ती उंचवट्यावर नाहीच. ती मेली खाली, ओढ्याकाठच्या सखल जमिनीत.

हे तिला आईने सांगितलेलं. लढाई झाली तेव्हा आई अकरा वर्षांची होती. लढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या माणसांबरोबर तीही पाण्याचा हंडा आणि तांब्या घेऊन तिथे गेली होती. पंपघराच्या भिंतीपासून ओढ्याकडे चाळीस पावलं, अशी तिची खूण. तिथे पडलेल्यांपैकी एकाने तांब्याची कड धरली ती सोडलीच नाही, आणि पाणी मात्र प्यायला नाही. तांब्या तिथेच टाकून ती घरी आली आणि वर मार खाल्ला. पुढे गाड्या आल्या, जे होतं ते उचलून नेलं, आणि खांब उभा राहिला तो वर, कारण वरून तो रस्त्यावरच्या माणसांना दिसतो. आईने जाताना मावशीचा हात धरून एवढंच मागितलं होतं की तिथे एक दगड तरी ठेव गं. नाव नको, काही नको, नुसता दगड.

तो दगड ठेवायला मावशीने काय कमी खेटे घातले? पहिले साहेब म्हणाले बघू. दुसरे म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं तोवर तिसरे आले. आणि ती सखल जमीन बस उभ्या करायला दिली गेली. म्हणजे माणसं ज्यांच्यासाठी म्हणून येत, त्यांच्याच जागेवर बस लावून वर चढत, आणि मावशीच्या बापाच्या चरात उतरून हळहळत.

यंदा तर कळसच झाला. तिथे बसच्या चाकांनी चिखल व्हायचा आणि त्याबद्दल पाहुणे अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं लिहायचे. वही वर गेली आणि वरून हुकूम आला की बसतळाला सिमेंट घाला. सोमवारी काम सुरू होणार होतं. मावशीने पुन्हा तिसऱ्या साहेबांना गाठलं. साहेब वयाने लहान, स्वभावाने चांगले, आणि चाकाच्या खुर्चीवर बसून हळूहळू मागे सरकत जाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तुमच्या आईचं सांगणं मी खोटं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तो पुरावा होत नाही हो. इथे गेलेल्या एखाद्या जवानाच्या नातेवाइकाने वहीत लिहिलं, की मूळ जागा शोधा, तर मला काम थांबवता येईल. पाहुण्यांनी लिहिलेलं वर जातंच जातं."

सोमवारपर्यंत चार दिवस होते. मावशीने हातोडा ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे चेहरे न्याहाळायला लागली. पहिले दोन दिवस एक शाळा आली, एक बँकेची सहल आली, आणि एक जोडपं आलं, ते खंदकात उतरून घरच्या कुठल्याशा कुलपावरून भांडलं आणि निघून गेलं.

शनिवारी आजी आली.

काठी टेकत आलेली, ऐंशीला टेकलेली बाई. रेडिओचं पूर्ण ऐकून घेतलं, वळणापाशी मान डोलावली, आणि बाकीची मंडळी चहाला गेली तरी ती पोत्यांवर बसून राहिली. मावशी जवळ गेली. आजीने आपण होऊन सांगितलं की थोरला भाऊ इथे गेला. एकोणिसावं पुरं व्हायचं होतं. ती तेव्हा आठ वर्षांची.

मावशीचं वाक्य तयार होतं: आजी, ती जागा ही नव्हे, चला दाखवते, आणि वहीत चार ओळी लिहा. पण तोंडातून निघालं ते इतकी वर्षं साठलेलं.

"आजी, राग मानू नका. पण इथे येऊन माणसाला मिळतं काय?"

आजीने राग मानला नाही. ती जरा विचार करून म्हणाली, "घरी त्याचं काही उरलंच नाही बघ. कपडे धाकट्यांनी वापरून फाडले. फोटो एकच, त्यातही तो हलला. आता त्याला बघितलेली मी एकटी. मी गेले की तो कुणाचाच नाही. म्हणून म्हटलं, हिंडती फिरती आहे तोवर एकदा त्याच्या जागेवर जाऊन उभं राहावं."

आणि ती वाकायला लागली. तिला वाकता येईना. मावशीने दंडाला धरलं तेव्हा कुठे ती जमिनीपर्यंत पोचली. मूठभर लाल माती तिने उचलली, रुमालात घातली, गाठ मारली, गाठोडं गालाला लावलं आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मावशीचं वाक्य राहूनच गेलं. तोंड उघडून काय सांगणार? की आजी, ही आमच्या भोपळ्याखालची आहे?

वाटेत सांगू, असं तिने ठरवलं. उतार चांगला तीनशे पावलांचा होता. तीनदा तिने 'आजी' म्हणून सुरुवात केली, आणि तीनही वेळा आजीला भावाचं काहीतरी नवीन आठवलं. तो शीळ कशी घालायचा. तिला खांद्यावर बसवून दाराखालून जाताना वाकायचं कसं विसरायचा. बोलता बोलता बस आली. बस उभी होती पंपघरापासून बरोब्बर चाळीस पावलांवर. पायरीपाशी आजीचा बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतला.

"शी गं बाई, काय हा चिखल," आजी म्हणाली, आणि बसच्या पायरीवर बुटाचे तळ खरडून खरडून साफ केले.

तेवढ्यात रेडिओ वही घेऊन आला. आजीने खिडकीत बसून सावकाश चार ओळी लिहिल्या, खाली नाव घातलं, पत्ता घातला. मावशीच्या मनात उगाच आशा पालवली. बस गेल्यावर तिने अक्षरावर बोट ठेवत वाचलं. व्यवस्था उत्तम आहे. मार्गदर्शकांनी सुंदर माहिती दिली. मात्र बस उभी राहते तिथे चिखलाने म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, तरी लवकरात लवकर सिमेंट घालावे.

मावशी कपाळाला हात लावून पंपघराच्या पायरीवर बसली.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने मशीनवरचा पाय काढला.

"मग सांगायचं होतंस तिला."

"सांगणार होते."

"मग?"

"ती रडत होती हो."

"रडणाऱ्यांवर तर तू रोज चिडतेस," तो म्हणाला. त्यावर मावशीने भांडी जरा मोठ्याने आपटली, म्हणजे संभाषण संपलं.

सोमवारी यंत्र आलं. वरची हातभर माती काढून ती कुठल्याशा भरावाला न्यायची होती. माती काळी, चिकट, ओढ्याची. मावशी हातगाडी घेऊन मुकादमापुढे उभी राहिली आणि खंदकाला माती हवी म्हणाली. मुकादमाला काय, जेवढी कमी उचलावी लागेल तेवढं बरं. चाळीस पावलं मोजून तिने तिथलीच माती भरली. दोन दिवसांत बारा खेपा, सगळा चढ, गुडघे अगदी बोलायला लागले. भरताना ती प्रत्येक ढेकूळ फोडून बघत होती. एखादं बटण, तांब्याची कड, काहीतरी. निघाली ती बाटल्यांची बुचं आणि एक दात तुटका कंगवा. तरी तिने खंदकातली लाल माती खरवडून काढली आणि बाराही गाड्या काळी माती तिथे पसरली. दगड नाही तर नाही. न्यायचीच आहे तर निदान खरी न्या.

रविवारी पाहुणे आले. रेडिओ सवयीने म्हणाला की बघा, हिचा लाल रंग, आणि अडखळला. लोकांनी खाली पाहिलं. एकीने विचारलं की फोटोत तर लाल होती, ती कुठे ठेवलीय? एकाने चिमूट घेतली, ती बोटांना चिकटली, त्याने बोटं पोत्याला पुसली. एकाने नाकाशी नेऊन वास घेतला आणि टाकून दिली. दिवसभरात एकाही माणसाने माती नेली नाही. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं आणि खंदकात चिखल का टाकला ते विचारलं.

"साहेब, ही तिथली खरी माती आहे," मावशी म्हणाली.

"असेल हो, मावशी. पण लोकांना ती खरी वाटत नाही. आधीची घाला बघू परत."

बाहेर येऊन ती एकटीच मोठ्याने बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तिने दुसरा मार्ग धरला. वहीतून आजीचा पत्ता उतरवून आणला. नवऱ्याने पोत्याच्या तागाची वीतभर पिशवी शिवली, पण टाके घातले कोटाच्या खिशाचे, आतून अस्तर लावून. त्यात मावशीने काळी माती भरली. पत्र तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं. आजी, तुम्ही नेली ती माझ्या अंगणातली माती. भाऊ गेला ती जागा बसखाली होती, जिथे तुमचा बूट रुतला. तिथली माती पाठवते आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नवऱ्याने शेवटी आपल्या मनाने 'क्षमस्व' घातलं, तेवढं तिने राहू दिलं.

उत्तर यायला महिना लागला, आणि लाल माती उद्या घालते, उद्या घालते म्हणत मावशीने तेवढे दिवस काढले. तोवर बसतळ तयार झाला होता, गुळगुळीत, पांढरट, वर पिवळे पट्टे आणि आकडे. पंपघरापासून चाळीस पावलांवर चार नंबर पडला. आईने दगड मागितला होता, तिला चारचा आकडा मिळाला. साहेबांनी झाडायचं कामही मावशीलाच लावलं, त्यामुळे ती रोज त्या चारवरून झाडू फिरवायची आणि रोज तिथे आल्यावर तिचा हात मंद व्हायचा.

आजीचं पत्र नवऱ्याने वाचून दाखवलं. अक्षर जरा थरथरलेलं होतं. काळी माती पोचली. ती मी खिडकीतल्या कुंडीत घातली आहे, रोपाने चांगला जीव धरला आहे. पण बाई, राग मानू नका, फोटोपाशी मी लालच ठेवली आहे. ती मी स्वतः वाकून उचलली, आणि तेव्हा तुम्ही मला धरलं होतं. चिखलाचं मी लिहायला नको होतं. वहीतून ते आता खोडता येईल का?

"खोडता येईल का म्हणे," मावशी उसळली. "वर सिमेंट वाळून खडखडीत झालं, आणि खोडता येईल का."

"म्हणजे आपल्या भोपळ्याची माती तिच्या भावाच्या फोटोपाशी," नवरा म्हणाला. त्याला हसू येत होतं, पण बायकोचं तोंड बघून त्याने ते शिंकेत घालवलं.

त्या दिवशी मावशीला कुणावर चिडावं तेच कळेना. आजीवर चिडावं तर ती बिचारी खोडायला तयार आहे. साहेबांवर चिडावं तर ते खुर्चीसकट मागे सरकतात. स्वतःवर चिडून झालं होतं, त्यात आता नवीन काही नव्हतं. आणि बूट रुतला तिथे नाही, हात धरला तिथे रडली म्हणून ती जागा खरी, हा कुठला हिशेब? तरी पत्र तिने टाकलं नाही. घडी घालून मशीनच्या खणात, जाड सुयांच्या डबीखाली ठेवलं.

सकाळी तिने अंगणातून लाल माती भरली आणि हातगाडी ढकलत वर नेली. काळी माती काढून टाका असं साहेब म्हणाले नव्हते, आधीची घाला एवढंच म्हणाले होते. तिने काळी तशीच राहू दिली आणि तिच्यावर लाल पसरली, बोटाच्या दोन पेरांएवढी. फावड्याच्या पाठीने थोपटून सारखी केली. रेडिओ आला, त्याने लाल रंग बघितला, त्याच्या जिवात जीव आला आणि तो पुन्हा सुरू झाला.

दुपारच्या बसने आलेला एक गृहस्थ सगळे पुढे गेल्यावर मागे रेंगाळला. इकडेतिकडे बघून खाली वाकला आणि चिमटीत चिमूटभर माती घ्यायला लागला. मावशी फळी ठोकत होती. तिने हातोडा खाली घेतला.

"अहो, वरवरची नका घेऊ," ती म्हणाली. "जरा खोल हात घाला."